अस्वलांच्या आवारातून जाणारी वाट

आज न्यूयॉर्क राज्यातील बेअर माउंटनला अ‍ॅपलेशियन ट्रेलचा जेमतेम तीन मैलांचा तुकडा चाललो. जॉर्जियातील स्प्रिंगर माउंटनपासून मेन राज्यातील कटाडिन पर्वतापर्यंत १४ राज्यांतून सुमारे ३,५०० किलोमीटर जाणारी ही वाट येथे चक्क एका लहानशा प्राणिसंग्रहालयातून जाते, आणि गंमत म्हणजे समुद्रसपाटीपासून अवघ्या १२४ फुटांवरचा, संपूर्ण मार्गातील सर्वांत सखल बिंदूही तेथेच, अस्वलांच्या आवाराजवळ आहे. वनतज्ज्ञ बेंटन मॅकाय यांनी १९२१ मध्ये ही कल्पना मांडली आणि तिचा पहिला टप्पा १९२३ मध्ये याच परिसरात खुला झाला.

वाट दाखवण्यासाठी झाडांवर दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच पांढरे पट्टे रंगवलेले असतात. एकावर एक दोन पट्टे दिसले की पुढे वळण आहे असे समजायचे. गप्पांच्या नादात मी नेमका असा जोडपट्टा चुकवला आणि पाव तास भलत्याच उताराला लागलो (सौ.ने ते आधीच सांगितले होते, हे नमूद करणे भाग आहे).

हडसन नदीवरील पुलावर मेनकडे निघालेले एक वयस्कर गृहस्थ भेटले. त्यांच्या बुटाचा सुटलेला तळ चिकटपट्टीने गुंडाळलेला होता. आमच्या डब्यातील दोन धपाटी त्यांनी उभ्या उभ्या संपवली आणि तिसरे, विचारून, कागदात बांधून घेतले.