चोर कुठला!

शनिवार, रात्र. नैरोबी.

दोनदा साबण लावला तरी हाताचा तेलमैद्याचा वास जात नाही. खांदे भरून आलेत, पण ते दर चापोच्या, म्हणजे चपात्यांच्या, शनिवारचंच. झोप येत नाहीये ती एका शब्दामुळे. बोलून गेले, झालं. आता तो कुठे ठेवू कळत नाही.

आधी मुलांच्या संस्थेतला बाकीचा दिवस लिहून काढते.

आज चापो-न्देंगू. न्देंगू म्हणजे आपले अख्खे हिरवे मूगच. काल रात्री अडीच गोरोगोरो भिजत घातले होते. दोनेक किलोचं ते टिनाचं माप, आपल्या पायलीच्या जातीचं. विकणारा शीग किती ठेवतो त्यावर सगळं. मूग निवडल्याशिवाय भिजवायचे नाहीत. त्यात मुगाच्याच आकाराचे खडे असतात आणि लहान मुलं न चावता गिळतात.

चपात्यांचा हिशेब मामांनी भिंतीवर खडूनेच लिहून ठेवलाय. (स्वाहिलीत मामा म्हणजे आई. दोन वर्षं झाली तरी एका बाईला मामा म्हणताना जीभ अडखळते.) मुलं ४२. त्यातली २६ मोठी, त्यांना दोन-दोन, म्हणजे ५२. १६ लहान, त्यांना एकेक. आम्ही मोठी माणसं सहा, दोन-दोन. एकूण ८०. मैद्याचं पाकीट दोन किलोचं, त्यात जाडजूड २० होतात. चार पाकिटं. शिल्लक शून्य. हे शून्य मला आधीच खटकायला हवं होतं.

दर पाकिटाला दोन चमचे मीठ, मूठभर साखर, अर्धी वाटी तेल आणि सव्वा लिटरच्या आत-बाहेर कोमट पाणी. कोमटच हवं, कारण जुलैत इथे सकाळी स्वेटर घालून कुडकुडायला होतं आणि गार पाण्यात मळलेला गोळा तासभर ठेवला तरी ताठच राहतो. पोळीच्या सवयीने मी सुरुवातीला घट्ट मळायचे. तसा गोळा लाटला की आक्रसतो, आणि भाजलेली चपाती गार होईपर्यंत चामडं झालेली असते. हाताला चिकटेल इतका सैल हवा. चाळीस मिनिटं झाकून ठेवायचा. मग मोठी पोळी लाटून, तेल फासून, तिची गुंडाळी करायची आणि गुंडाळीचं चकलीसारखं वेटोळं. ती वेटोळी परत पंधरा मिनिटं स्वस्थ. इथेच सगळ्यांची घाई होते, आणि घाई केली की पदर सुटत नाहीत, नुसती जाड भाकरी होते.

जिको, म्हणजे कोळशाची शेगडी, दारात, कधीच आत नाही. कोळसा जळताना जो विषारी वायू येतो त्याला ना वास ना रंग. निखारे लाल झाले की वरून राख भुरभुरायची, नाहीतर बाहेरून काळे डाग आणि आत कच्चा मैदा. दोन जिको, एकेका चपातीला दोन मिनिटं. म्हणजे ८०ला दीड तास धराच. भाजलेली लगेच सुफुरियात, म्हणजे पातेल्यात, झाकण लावून. स्वतःच्याच वाफेने मऊ राहते.

तर त्या सुफुरियाशी तो उभा होता.

अकरा दिवसांपूर्वी आलेला पोरगा. डोकं भादरलेलं, गजकर्णाचे पांढरे गोल अजून दिसतात. त्याला नुसतं मलम पुरत नाही, बुरशी केसांच्या मुळात असते. सहा-आठ आठवडे गोळ्याच द्याव्या लागतात. जंतांची ४०० मिलिग्रॅमची गोळी पहिल्याच दिवशी झाली. चपला चिकटवायच्या गोंदाची बाटली फाटकाशी सोडून आलाय. हुंगला की तो गोंद भूक आणि थंडी दोन्ही मारतो, म्हणून तर पोरं हुंगतात. तो सुटला की मारलेली भूक सगळी एकदम परत येते.

स्वेटरच्या गळ्यातून चपातीची कड डोकावत होती. तेलाचा डाग पोटापर्यंत उतरला होता. मला हसू आलं. आपल्याकडे कसं म्हणतो आपण, पोरगं फडताळातला लाडू तोंडात कोंबताना दिसलं की, चोर कुठला! त्यात राग नसतोच, निम्मा लाडच असतो. आपला देवच मुळी लोणी चोरणारा.

मी हसत हसत म्हटलं, "म्वीझी वेवे!"

तो पळाला नाही. रडलाही नाही. दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली बसला, कोपरं आत, गुडघे वर. पाठ असल्यासारखा.

इथल्या बाजारात 'म्वीझी' अशी हाक उठली की हातातलं टाकून माणसं धावतात. दगड येतात, कधी जाळायला टायर येतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पेपरात वाचते मी. पण चोर म्हणजे म्वीझी एवढंच जिभेला माहीत होतं, आणि जीभ पुढे गेली.

कागदावर सही केलीय आम्ही सगळ्यांनी. फोटो नाही. एकाच मुलाला वेगळी वस्तू नाही. आपणहून मांडीवर घेणं नाही. 'तुझं काय झालं' विचारणं नाही. 'परत येईन' असं वचन नाही. म्वीझी म्हणू नये, हे त्यात नाही. ते लिहावं लागेल असं कुणाच्या डोक्यात आलं नसणार.

वर मी काय केलं, तर "पोले, पोले" म्हणत त्याच्याकडे झेपावले. म्हणजे चुकीवर चूक. एक तर अशा वेळी वरून कोणी अंगावर येता कामा नये. आणि 'पोले' म्हणजे अरेरे. कुणी ठेचकाळलं, कुणाचं माणूस गेलं, की पोले. माझं चुकलं याला सामाहानी. म्हणजे दगड मी मारला आणि वर हळहळलेही मीच, लागलं का रे बाळा.

मामांनी तवा उतरवला. हाक मारली नाही, जवळ घेतलं नाही. दारापासून बाजूला, त्याच्यापासून दोन हातांवर स्टूल घेऊन बसल्या, म्हणजे त्याला दार मोकळं. आणि वेटोळी लाटत राहिल्या. पाचेक मिनिटांनी त्याच्याकडे न बघताच तेलाची वाटी आणि चमचा जमिनीवर सरकवला. आणखी थोड्या वेळाने तो चमच्याने तेल सोडत होता.

मी न्देंगू ढवळत होते. ढवळायची काही गरज नव्हती.

आठ किलो मैदा मळा, दोन वर्षं शनिवार घाला, आणि एका शब्दात सगळं पाण्यात. दुपारभर हेच. माझे खांदे, माझे शनिवार. चिडावं तर कुणावर? शब्दकोशावर?

नंतर भांडी घासताना मामांनी सांगितलं की नवीन आलेला प्रत्येक जण लपवतोच. उशीत, गादीच्या खोळीत, बुटात. काढून घ्यायचं नाही, सगळ्यांसमोर तर नाहीच. काढून घेतलं की पुढच्या वेळी जास्त आणि खोल लपवतो. उंदीर होतात, बुरशी येते, म्हणून गादी उन्हात टाकायच्या निमित्ताने सकाळी गुपचूप साफ करायचं. खोळ रेक्झिनची, कारण पहिले काही महिने निम्म्या गाद्या ओल्या असतात. आणि झोपायच्या खोलीत केळी-पावाचा डबा, रात्रीही उघडाच. तो कधी रिकामा नसतो हे पोराला पटायला काही आठवडे लागतात, कुणाला वर्ष. मग लपवणं आपोआप सुटतं.

याच्याकडे वर्ष नाहीये. संस्थेत मूल ठेवायचं ते कोर्टाच्या आदेशाने आणि थोड्या काळासाठी. सरकारचं २०२२ ते २०३२ चं धोरणच मुलं घरी परत नेण्याचं आहे. त्याच्या शोशोचा पत्ता लागलाय म्हणे. आजी. तिच्या घरी डबा असेल का... असो.

मी मामांना विचारलं, आता त्याच्याशी काय बोलू? म्हणाल्या, तुझी चपाती दोन वर्षांत सुधारली, स्वाहिली नाही. पुढच्या वेळी नुसती लाट.

हसले मी. हसायलाच आलं.

जेवणाआधी त्याला मोजायला बसवलं होतं. एकेक उचलून दुसऱ्या सुफुरियात ठेवत, ओठ हलवत मोजल्या. स्वेटर पोटाशी तेवढाच फुगलेला. शेवटी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "थेमानिनी." ऐंशी.

मामांनी वहीत ८० लिहिलं.

माझ्या आणि मामांच्या वाट्याला एकेकच आली. पुढच्या वेळी पाच पाकिटं.