बाईंची बरणी

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असे शाळेचे पत्र आले तेव्हा विषय शोधण्याची वेळ माझ्यावर आली नाही. माझ्या हातून आजवर जे काम झाले त्याचे मूळ आमच्या भूगोलाच्या बाईंपाशी आहे, म्हणून हे मनोगत त्यांच्याविषयीच आहे.

बडोद्याच्या मुलांना खडक शिकवणे सोपे नाही. आपले शहर नद्यांनी आणून टाकलेल्या गाळावर वसले आहे. पायासाठी कितीही खणले तरी माती, वाळू आणि कंकर एवढेच लागते. त्यामुळे अग्निजन्य, स्तरित आणि रूपांतरित ही नावे आम्ही न पाहताच घोकत होतो. बाईंनी एके दिवशी पुस्तक मिटवले आणि लोणच्याची रिकामी काचेची बरणी टेबलावर ठेवली. तिच्यात विश्वामित्रीच्या काठचा ओंजळभर गाळ होता. मगरींमुळे आम्हांला नदीवर जायला बंदी असल्याने तो त्यांनी शिपाईकाकांकडून आणवला होता. त्यांनी पाणी ओतले, बरणी जोरात हलवली आणि खिडकीत ठेवून दिली. भरड वाळू आमच्या डोळ्यांदेखत तळाला गेली, तिच्यावर बारीक वाळू बसली, पाणी मात्र गढूळच राहिले. दुसऱ्या दिवशी प्रार्थना आटोपून आम्ही धावत वर्गात आलो, तेव्हा पाणी निवळले होते आणि वाळूवर चिकणमातीचा गुळगुळीत पापुद्रा बसला होता. बाईंनी अलगद आणखी एक मूठ गाळ सोडला. तासाभरात जुन्या पापुद्र्यावर पुन्हा भरड, मग बारीक अशी रचना झाली. "हा दुसरा पूर," त्या म्हणाल्या, "आता सांगा, जुना थर कोणता?" खालचा थर आधीचा, हा १६६९ मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ स्टेनोने मांडलेला नियम आम्हांला असा, कोणतीही व्याख्या न लिहिता, कळला.

त्याच हिवाळ्यात त्या आम्हांला पावागढला घेऊन गेल्या. माचीकडे चढताना त्या आम्हांला दगडावर हात ठेवायला लावत. खाली दख्खनच्या पठाराचाच काळा बेसाल्ट, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, आणि माथ्याकडे फिकट रंगाचा रायोलाइट. बेसाल्टमध्ये सिलिका (वाळूतला मुख्य घटक) निम्म्याच्या आसपास असते, म्हणून तो लाव्हा पातळ असतो आणि दूरवर पसरतो. रायोलाइटमध्ये ती सत्तर टक्क्यांच्या घरात जाते, तो लाव्हा घट्ट होतो आणि फार लांब वाहत नाही. विश्वामित्री याच डोंगरात उगम पावते, हे त्यांनी सर्वांत शेवटी सांगितले, आणि बरणीतली वाळू कुठून आली असेल हे आमचे आम्हांला उमगले.

पुढे मी महाराजा सयाजीराव विद्यापीठात भूविज्ञान शिकलो आणि आज इमारतींच्या पायासाठी मातीची तपासणी करतो. आमच्या प्रयोगशाळेत मातीचे कण किती वेगाने तळाला बसतात यावरून त्यांचा आकार ठरतो. कणाचा व्यास दुप्पट असेल तर त्याचा वेग चौपट होतो, आणि ०.००२ मिलिमीटरहून बारीक चिकणमातीसाठी आम्हांला दिवसभर थांबावे लागते. उपकरण महागडे असले तरी तत्त्व बाईंच्या बरणीचेच आहे. ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर आमच्या गल्लीत सगळे जण फरशीवरचा चिखल धूत होते, तेव्हा त्यातली माती बाटलीत घालून मी सोसायटीतल्या मुलांना हाच प्रयोग करून दाखवला.

आता सहली वॉटर पार्कला जातात आणि खडक पडद्यावरच्या चित्रांत दाखवतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. चित्राला वजन नसते, ते तळहातावर खरखरत नाही. म्हणून बाईंच्या नावाने शाळेत दगडांचे एक कपाट ठेवू द्यावे, अशी विनंती मी व्यवस्थापनाला केली आहे. पावागढचे दोन्ही खडक, छोटाउदेपूरचा डोलोमाइट, आंबाडुंगरचा फ्लोराइट आणि शहरातल्या बोअरमधून निघालेले मातीचे नमुने मी स्वतः आणून देईन. कपाटाला कुलूप लावू नये, एवढीच माझी अट आहे.