आमची वाटचाल : पाटीवरचं खोडलेलं ‘बोर्डिंग’

आमच्या लॉजची पाटी उन्हं तिरपी असताना पाहिलीत तर ‘लॉजिंग’च्या पुढे, पांढऱ्या रंगाखालून ‘बोर्डिंग’ ही अक्षरं अजून वाचता येतात. अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ऐंशीच्या दशकात ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला अकरा खोल्यांचं हे लॉज काढलं तेव्हा तळमजल्यावर स्वयंपाकघरही थाटलं होतं. आचारी, वाढपी, पितळी पातेली, सगळा जामानिमा. पण अकरा खोल्यांच्या जिवावर स्वयंपाकघर चालत नाही. सोमवारी पंचवीस पानं उठायची, गुरुवारी चार. उरलेली आमटी घरी यायची. सासूबाई सांगतात, त्या वर्षी त्यांनी स्वतः आमटीला फोडणी म्हणून घातली नाही. शेवटी ऐन लग्नसराईत आचारी एका कॅटररकडे निघून गेला आणि अप्पांनी पेंटरला बोलावलं.

तेव्हापासून आमच्याकडे चहासुद्धा बाहेरून येतो. आणि तेव्हापासूनच काउंटरवर रोज एकच प्रश्न येतो : “जेवायची सोय कुठे होईल?” हा प्रश्न आम्ही धंद्याचाच भाग मानला. खोल्या आमच्यासारख्या स्टेशनजवळ आणखीही मिळतात. आमच्याकडे लोक पुन्हा येतात ते बरंचसं या उत्तरासाठी, असं मला वाटतं. आमच्या यांचं म्हणणं, गरम पाण्यासाठी येतात.

एक समजून घ्या. ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात खरं, पण तलाव बघायला म्हणून कोणी आमच्याकडे उतरत नाही. कोणाची कोर्टात तारीख असते, कोणाचं कलेक्टर कचेरीत काम. कोणाचा पेशंट सिव्हिलला, कोणाचा मनोरुग्णालयात. शिवाय परीक्षेची मुलं, त्यांचे वडील, औषध कंपन्यांचे एमआर, आणि मेमध्ये नवरीकडची मंडळी. यांच्या खिशाचा अंदाज कपड्यांवरून लागत नाही. कडक इस्त्रीतला माणूस तारखांनी कंगाल झालेला असतो, आणि मळक्या टोपीतल्या शेतकऱ्याच्या पिशवीत जमिनीचे पैसे असतात. म्हणून अप्पा “बजेट किती?” असं कधीच विचारत नसत. ते विचारत, “उद्या सकाळी काय काम आहे?” त्या उत्तरातच निम्मं कळायचं.

मला हे लग्न होऊन आल्यावर लगेच उमगलं नाही. एकदा मुरबाडकडचे एक गृहस्थ मुलाला परीक्षेसाठी घेऊन आले होते. मी मोठ्या उत्साहाने त्यांना सकाळी सकाळी झणझणीत मिसळ खायला पाठवलं, तर्री जास्त घ्या म्हणून वर सल्लाही दिला. मुलाचा निम्मा पेपर बाहेरच गेला. संध्याकाळी ते गृहस्थ काही बोलले नाहीत. किल्ली काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, “वहिनी, मिसळ छान होती हो.” अजून ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात. त्या दिवसापासून परीक्षेच्या मुलांना उडप्याकडची इडली, नाहीतर पोळीभाजी. मिसळ पेपर सुटल्यावर.

मिसळीचं नाव निघालंच आहे तर मामलेदारचं सांगून टाकते, कारण स्टेशनवर उतरणारा प्रत्येक दुसरा माणूस तेच विचारतो. तहसील कचेरीपाशी आहे म्हणून मामलेदार. कचेरीत कामाला आलेल्यांनीच ती आधी गावोगाव नेली. तिथे बसल्या बसल्या तिखट, मध्यम की कमी हे सांगून टाकायचं. ठाणेकर असल्याची फुशारकी मारायला कोणी तिखट मागवतो आणि मग ताक शोधतो. कोर्टाची तारीख असेल तर तारखेआधी मध्यम, तारीख झाल्यावर काय हवं ते.

वडापावाचा विषय मात्र नाजूक आहे. या शहरात वडापावावरून भाऊ भाऊ वेगळे बसतात. आमच्या घरात तीन मतं आहेत. अप्पा कुंजविहारचे : स्टेशनला लागून, वडा एवढा मोठा की एकात माणसाचं भागतं, वर लस्सी घेतली की दुपारपर्यंत चिंता नाही. हातात सामान आणि पुढची गाडी पकडायची असेल तर मीही तिथेच पाठवते. आमचे हे राजमाताचे. आणि मी गजाननची. तिथे नौपाड्यात वड्यासोबत बेसनाची पिवळी चटणी देतात, पातळसर, कोमट, आणि गिऱ्हाईक वडा संपला तरी ती चटणी मागत राहतं. आमच्याकडच्या एका एमआरने ती डब्यातून नाशिकला नेली होती. पोचेपर्यंत तिचं काय झालं ते त्याने सांगितलं नाही, पण पुढच्या खेपेला डबा आणला नव्हता.

२०१४ च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा वेगळा झाला. पेपरात ती मोठी बातमी होती, आमच्या रजिस्टरात हळूहळू रिकामी होत गेलेली पानं. तोवर जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी इथल्या माणसाला जिल्ह्याच्या कामाला ठाण्यालाच यावं लागायचं. एसटीने दमून यायचा, एक रात्र राहायचा. त्याला लांबचं हॉटेल नको असायचं, भात पोटभर हवा असायचा. त्यांच्यासाठी अप्पांनी राइस प्लेटवाल्यांची वेगळी यादी पाठ केली होती : भात किती वेळा वाढतो, आमटी पातळ आहे का, बसल्यावर उठवतो का. ही माणसं यायची थांबली तेव्हा त्यांची गैरसोय टळली म्हणून बरं वाटलं, आणि महिन्याचा हिशेब केला तेव्हा वाटलं नाही. शहापूर-मुरबाडची मंडळी अजून येतात.

त्याच मंदीत आम्ही एक चूक केली. हायवेवरच्या एका मोठ्या रेस्टॉरंटचा मॅनेजर आला, म्हणाला माणसं पाठवा, माणशी कमिशन देतो. आम्ही हो म्हटलं. दोन महिने पाठवली. मग एक बाई, मुलीचं स्थळ बघायला आलेल्या, रात्री परत आल्या आणि बिल माझ्यासमोर उलगडून धरलं. सर्व्हिस चार्ज, पाण्याच्या बाटल्या, न मागितलेले पापड, आणि जाऊन-येऊन रिक्षा. “तुम्ही सांगितलंत म्हणून गेलो,” एवढंच म्हणाल्या. अप्पा तेव्हा हयात होते. त्यांनी मला काही विचारलं नाही, फक्त त्या मॅनेजरचं कार्ड काचेखालून काढलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. त्यानंतर कोणाचं कमिशन नाही, दिवाळीची मिठाईसुद्धा परत. (प्रशांत कॉर्नरची असेल तर परत करताना हात जड होतो, पण ती आम्ही विकत आणतो.)

त्या प्रकरणातूनच ‘खाण्याचा कागद’ निघाला. आधी अप्पांच्या अक्षरात, कॅलेंडरच्या पाठीवर. मग यांनी टाइप करून झेरॉक्स काढल्या. आता किल्लीबरोबर हा कागद देतो. त्यात चांगलं-वाईट असे तारे नाहीत. तीन भाग आहेत : ‘शंभराच्या नोटेत’, ‘सहकुटुंब’ आणि ‘बिल दुसरा देणार’. तिसरा भाग एमआर लोकांसाठी आहे. त्यांना जेवणापेक्षा पक्कं बिल महत्त्वाचं असतं.

शंभराच्या नोटेत ठाण्यात उपाशी राहायचं कारण नाही. वडापाव झालाच. त्याहून महत्त्वाची आमची पोळीभाजी केंद्रं. नौपाडा, पाचपाखाडीत गल्लोगल्ली आहेत, नोकरी करणाऱ्या बायांच्या जिवावर उभी राहिलेली. तिथून घडीच्या पोळ्या नगावर मिळतात, पालेभाजी, उसळ, आमटी पाव किलोच्या हिशेबाने. दवाखान्यात पेशंटजवळ बसणाऱ्याला यासारखं दुसरं काही नाही. खोलीवर आणून खा म्हणते मी, ताटल्या-वाट्या आम्ही देतो, धुऊन ठेवायची अट नाही. फक्त दुपारी एकच्या आत जा, नाहीतर चवळीची उसळ संपते आणि दुधीच उरतो. २०२० च्या २६ जानेवारीला शिवभोजन थाळी सुरू झाली तेव्हा तीही कागदावर चढवली : १० रुपयांत २ पोळ्या, भाजी, वरण, भात. पुढे दोनच महिन्यांत लॉकडाऊन आलं आणि सरकारने ती ५ रुपयांवर आणली. तेव्हा आमच्या अकराही खोल्या रिकाम्या होत्या. कागद वाचायला कोणी नव्हतं.

लॉकडाऊनबद्दल फार लिहीत नाही. दोन कामगार गावी गेले, एक परत आला. कर्ज काढलं, अजून फिटतंय. २०२२ च्या जुलैत हजाराच्या आतल्या खोल्यांवरही १२ टक्के जीएसटी आला, तेव्हा भाड्याच्या पाटीवर पुन्हा पेंटर चढला. आमच्या यांनी तेव्हा सुचवलं होतं की त्याच हाताने ‘बोर्डिंग’ही नीट खरवडून घेऊ. मी नको म्हटलं.

‘सहकुटुंब’मध्ये माझी जास्त लुडबुड आहे. घरचं मराठी जेवण बसून खायचं असेल तर घंटाळीचं ‘मेतकूट’ हे हॉटेल, पण शनिवार-रविवारी नंबर लावून उभं राहायची तयारी हवी, म्हणून आजी-आजोबा बरोबर असले तर मी मधला वार सुचवते. मुलं असतील तर आधी तलावपाळी. मासुंदा तलावाच्या काठाने संध्याकाळी एक फेरी मारली, नावेत बसून झालं, भेळ-कुल्फी झाली की निम्मं जेवण तिथेच होतं आणि पुढचं बिल कमी येतं. समोर गडकरी रंगायतन, १९७८ पासूनचं. तिथल्या मध्यंतरातल्या बटाटेवड्यासाठी नाटकाला जाणारी माणसं मला माहीत आहेत, नावं सांगत नाही. रविवारी सकाळी हातात वेळ असेल तर पूर्वेला कोपरीत जा, सिंधी वस्ती आहे, दाल-पकवान खा. स्टेशनच्या पुलावरून चालत जाता येतं. पश्चिमेचे पुष्कळ ठाणेकरही तिकडे कधी गेलेले नसतात.

माशांची विचारपूस सर्वांत जास्त आणि सर्वांत अवघड. एकतर लोकांना वाटतं चेंदणी कोळीवाडा इतका जवळ आहे म्हणजे हॉटेलातला मासा खाडीतला असणार. दुसरं, जून-जुलैत मासेमारी बंद असते हे ठाऊक असूनही लोक पापलेटच मागतात. त्या दोन महिन्यांत मी कागदावरची मासळी पेन्सिलीने खोडते आणि बाजूला लिहिते : सुकट, जवळा, सुके बोंबील मागा. मालवणी खानावळीत ते त्या दिवसांत जास्त मनापासून केलेलं असतं. सोड्याची खिचडी, वालाचं बिरडं असं सीकेपी जेवण मात्र हॉटेलात शोधून हाती फारसं लागत नाही. खारकर आळीच्या बाजूला ओळखीतल्या एक काकू आहेत, त्या आदल्या दिवशी सांगितलं तर डबा करून देतात. त्यांचा फोन कागदावर नाही. तो मी माणूस बघून देते, कारण एकदा एकाने सहा डबे सांगितले आणि संध्याकाळच्या गाडीने निघून गेला. सहाचे सहा डबे मी विकत घेतले.

‘बिल दुसरा देणार’मध्ये टिप टॉपचा बुफे आहे, घोडबंदर रोडची मोठी हॉटेलं आहेत, डोंगरावरचं येऊरही आहे. घोडबंदरला जाणाऱ्याला मी रिक्षाचं भाडं आणि संध्याकाळच्या वाहतुकीचा वेळ आधी सांगते. पुष्कळदा तेवढ्यावर माणूस म्हणतो, मग इथेच बघू काहीतरी. येऊरची हवा छान, पण रात्री परतीची रिक्षा मिळत नाही. स्वतःची गाडी असेल तरच जा.

हल्ली निम्मे पाहुणे झोमॅटो-स्विगीवरून खोलीतच मागवतात. डिलिव्हरीची मुलं तिसऱ्या मजल्यापर्यंत धापा टाकत चढतात. त्यांच्यासाठी जिन्याखाली पाण्याचा माठ आणि दोन खुर्च्या ठेवल्यात. त्याचा असा फायदा झाला की कुठल्या हॉटेलची पार्सलं परत जातात, कुठे शनिवारी तासभर थांबवतात, हे सगळं आम्हाला त्या खुर्च्यांवरून कळतं. कागदातल्या गेल्या वर्षीच्या चार दुरुस्त्या त्या मुलांनी सांगितलेल्या आहेत.

सध्या दोन दुरुस्त्या बाकी आहेत. राइस प्लेटवाल्या एका जुन्या हॉटेलने भात दुसऱ्यांदा वाढणं बंद केलंय असं परवा शहापूरचे एक पाहुणे म्हणाले. यांना उद्या दुपारी जेवायला पाठवणार आहे, खात्री झाली की नाव काढू. आणि पोळीभाजी केंद्राची वेळ एकऐवजी साडेबारा करायची आहे.