न मरणाऱ्या अळीच्या पोटातील माशी

गेल्या हिवाळ्यात कोबीवर लागोपाठ तीन फवारण्या घेऊनही चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी हटेना, तेव्हा मी अकरा जिवंत अळ्या पानांसकट काचेच्या बरणीत घातल्या आणि बरणीच्या तोंडाला मलमलीचे फडके बांधले. चार दिवसांनी तीन अळ्यांच्या जागी तांदळाच्या कणीएवढे पांढरे रेशमी कोष दिसले, आणि पुढे त्यांतून बारीक काळ्या गांधीलमाश्या बाहेर पडल्या. ती कोटेशिया होती. ही माशी अळीच्या अंगात अंडे घालते, तिचे पिल्लू आतच वाढते आणि कोष विणण्यासाठी बाहेर पडते, तेव्हा अळीचा शेवट होतो.

फवारणीतून अळी वाचली म्हणूनच तिच्या पोटातील हे पिल्लूही वाचले होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे बीटी, म्हणजे अळी मारणाऱ्या जिवाणूचे जनुक घातलेल्या, मोहरीवर्गीय पिकावर याच पतंगाच्या अळ्या सोडल्या गेल्या, तेव्हा साध्या अळ्यांबरोबर त्यांच्या पोटातील कोटेशियाही मेली, पण बीटीला न जुमानणाऱ्या अळ्यांमध्ये ती व्यवस्थित वाढली. म्हणजे किडीची प्रतिकारशक्ती आतल्या पिल्लाला ढालीसारखी उपयोगी पडते.

ही ढाल माशी बाहेर पडेपर्यंतच टिकते. पानापानांवर फिरून अळी हुडकणाऱ्या प्रौढ माशीला मारायला पानावर उरलेले औषध पुरेसे असते, आणि अळी मरत नाही असे दिसले की आपण नेमकी तिथेच मात्रा वाढवतो. मीही दुकानदाराच्या सांगण्यावरून पंपामागे दीडपट औषध टाकले होते. अळ्या राहिल्या, माश्या गेल्या, आणि पुढच्या पिढीच्या अळ्यांना कोणाचा धाक उरला नाही. जावामध्ये १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला या पतंगाने डीडीटीला दाद दिली नाही, तेव्हापासून औषधामागून औषध निकामी होत आले आहे.

कीड खाणाऱ्या किंवा तिच्या अंगात वाढणाऱ्या मित्रकीटकांत प्रतिकारशक्ती सावकाश का येते, याचे एक कारण उपासमारीत आहे. औषधाने कीड संपली की त्यातून तगलेल्या थोड्या मित्रकीटकांना खायला काही उरत नाही, आणि त्यांचा वंश पुढे सरकत नाही. कीड आधी निर्ढावली असेल तर मात्र फवारणीनंतरही भक्ष्य शिल्लक राहते आणि तगलेल्यांना पिढ्या वाढवता येतात. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या सफरचंदबागांत १९६० च्या दशकात असे भक्षक कोळी (जाळे विणणारे नव्हेत, तर बारीक माइट) आढळले. फॉस्फरसयुक्त औषधांना तोंड देऊन ते पाने शोषणाऱ्या कोळ्यांना आवरत होते. त्यांना जपायचे म्हणून तेथे औषधाची निवड आणि मात्रा बदलावी लागली. कोटेशियाबाबत इतकी आशा बाळगणे मला धाडसाचे वाटते, कारण आपल्याकडे एकाच हंगामात चार-पाच गटांतील औषधे एकामागून एक पडतात.

यंदा कोबीच्या ओळींमध्ये मोहरी पेरली आहे, म्हणजे पतंग आधी तिकडे वळतो. फवारणीचा निर्णय घेण्याआधी वीस अळ्या बरणीत ठेवतो. परवाच्या बरणीत सात अळ्यांचे कोष झाले, म्हणून फवारणी पुढे ढकलली आहे. त्यांतील माश्या संध्याकाळी मोहरीच्या ओळीजवळ सोडेन.