घोडा कुठाय?

लहानपणी बाबांबरोबर मुंबईत फोर्टात गेलं की माझा ठरलेला प्रश्न, घोडा कुठाय? कंडक्टर ओरडायचा ‘काळा घोडाऽऽ’, आम्ही उतरायचो आणि समोर काय तर पार्किंग, नुसत्या गाड्या. बाबा म्हणायचे, अरे त्याला राणीच्या बागेत नेलाय, आणि मला वाटायचं माकडांच्या शेजारी पिंजऱ्यात ठेवला असणार. मग एकदा खरंच दाखवायला नेलं त्यांनी. भाऊ दाजी लाड म्युझियमच्या बाजूला होता उभा, पण पाठीवर ऐटीत एक साहेब! सातवा एडवर्ड म्हणे, राजा व्हायच्या आधीचा. घोड्यावर कोणी बसलेलं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

म्हणजे गंमत बघा ना, १८७९ मध्ये ससूनशेठनी पैसे घालून पुतळा उभारला राजपुत्राचा आणि लोकांनी नाव ठेवलं घोड्याचं. १९६५ साली पुतळा हलवला तरी नाव काही हललं नाही. बाबा मुंबईत आले तेच त्यानंतर, म्हणजे त्यांनीही तिथे घोडा कधी बघितलेला नव्हता, तरी रिटायर होईपर्यंत टॅक्सीवाल्याला काळा घोडाच सांगायचे.

२०१७ मध्ये तिथे नवा घोडा आला. शिल्पकार श्रीहरी भोसले, डिझाइन आर्किटेक्ट अल्फाज मिलर यांचं. चांगला २५ फूट उंच, काळाकुळकुळीत, आणि पाठीवर कोण्णी नाही. आमच्या ऑफिसातल्या एकाला तो अर्धवट वाटतो, ‘वर कोणीतरी पाहिजे होतं यार’. मला तर तीच पाठ सगळ्यात आवडते. जहांगीर आर्ट गॅलरीतून बाहेर पडलं की चहा पीत पाच मिनिटं बघत बसतो. फेब्रुवारीत काळा घोडा फेस्टिवलच्या गर्दीत मात्र जाऊ नये, सेल्फीवाले पायाखाली तुडवतील.

गेल्या महिन्यात बाबांना घेऊन गेलो. गुडघ्यांमुळे हल्ली बाहेर पडत नाहीत फारसे. मान वर करून बराच वेळ बघत होते, काही बोलेनात. तेवढ्यात एक कावळा येऊन घोड्याच्या पाठीवर बरोब्बर साहेबाच्या जागी बसला आणि पंख झटकले, तर बाबा म्हणतात, ‘बस रे बाबा, आरामात बस.’