काजव्यांचं झाड : नोंद तिसरी

मंडळी, झाड पेटलं! कोपऱ्यात उभ्या केलेल्या वाळक्या फांदीवर २०० एलईडी, मागे ते चालवणारा एक ईएसपी-३२ (प्रोग्रॅम करता येणारी छोटी चिप). अंधारात पाच मिनिटं बसलं की भंडारदऱ्याला पावसाच्या तोंडावर हिरड्या-सादड्यांवर जे दिसतं, त्याची थोडी तरी ओळख पटते.

काजव्यांचा ताल जुळतो, पण त्यांच्यात म्होरक्या कुणी नसतो. शेजारचा चमकला की आपलं घड्याळ जरासं पुढे सरकवायचं, एवढाच माझ्या प्रोग्रॅममधला नियम. सगळे एकसारखे असतील आणि प्रत्येकाला बाकी सगळे दिसत असतील, तर ताल जवळजवळ नेहमीच जुळतो, हे मिरोलो आणि स्ट्रोगात्झ या गणितज्ञांनी १९९० साली गणिताने सिद्ध केलं. मी आधी तेच जसंच्या तसं लिहिलं. दीड मिनिटात अख्खं झाड एकदम उघडझाप करायला लागलं, लग्नाच्या मांडवातल्या माळेसारखं. मग प्रत्येकाला जवळचे फक्त ६ शेजारी दिले, वेगात चार-पाच टक्के फरक ठेवला. आता चमक बुंध्याकडून शेंड्याकडे लाटेसारखी सरकते, मध्येच फुटते, पुन्हा जुळते. पहिली लाट दिसली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. घरातल्या सगळ्यांना उठवून दाखवली.

त्रास झाला तो मंद उजेडाचा. या एलईडीत प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या. काजव्याइतकं मंद ठेवायचं तर खालच्या आठ-दहाच हाती राहतात आणि विझताना उजेड ठेचकाळतो. गॅमा करेक्शनने (पायऱ्या डोळ्याला समान वाटाव्यात म्हणून आकडे बदलण्याची पद्धत) भागलं नाही. शेवटी प्रत्येक एलईडीवर बटर पेपरचे तीन थर आणि वर सुईने भोक पाडलेली काळी चिकटपट्टी लावली. उजेड कागदच अडवतो, त्यामुळे वरच्या पायऱ्याही वापरता येतात आणि चमक अलगद मावळते. यात दोन रविवार गेले, पण ही युक्ती जरूर करून बघा.

बऱ्याच जातींत नर उडताना चमकतो आणि मादी खालून उत्तर देते; आसपास दिवे असले की हे इशारे हरवतात. ते मला पाटी न लावता दाखवायचंय. म्हणून एलडीआर, म्हणजे उजेड ओळखणारा सेन्सर, बसवला. कुणी मोबाइलचा टॉर्च लावला की झाड विझतं, मग एकेक काजवा परतायला दोन मिनिटं लागतात.

काल खिडकी उघडी होती, तर गल्लीतल्या दिव्यानेही झाड विझलं. एलडीआरला पुठ्ठ्याचा आडोसा केला, तासभर विचार केला आणि तो आडोसा काढून टाकला.