सॅनपीटची आजी, नोंद १२: ती नील्सडॅटर नव्हतीच

सापडली! मागच्या नोंदीत लिहिलं होतं की अर्ज तयार आहे, सही तेवढी राहिली आहे. तो अर्ज पाकिटात गेलाच नाही. तीन आठवडे त्यातच गेले, त्यातला एक आठवडा मी वहीसुद्धा उघडली नव्हती. काल रात्री साडेअकराला आजी सापडली. खरी आजी.

आधी काय बिनसलं ते सांगते. लेकीला अठरा पूर्ण झाली आणि डीयूपीत, म्हणजे युटाच्या पायोनियरांच्या (तिथे सुरुवातीला वस्तीला आलेल्यांच्या) लेकींच्या संस्थेत, तिचा अर्ज करायचा हे घरात ठरलं. अट आपल्याला पाठच आहे: १० मे १८६९ च्या आधी, म्हणजे युटातल्या प्रॉमंटरीला अमेरिका ओलांडणाऱ्या रेल्वेचे दोन्हीकडचे रूळ जुळायच्या आधी, जो पूर्वज इकडे युटात आला त्याच्यापासून थेट उतरती ओळ दाखवायची. सासऱ्यांच्या बाजूची ही ओळ आजवर कोणी भरलेलीच नव्हती. नवऱ्याची खापरपणजी, म्हणजे या नोंदींतली ‘आजी’, डेन्मार्कहून आली, युटातल्या सॅनपीट खोऱ्यात एफ्रेमला राहिली, तिथल्याच दफनभूमीत आहे, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक. खाली उतरणारे दुवे मी सहा महिन्यांत जुळवले. (नोंद ४ ते ८. एफ्रेमच्या मृत्युनोंदीचा किस्सा नोंद ६ मध्ये आहे.) वरचा दुवा, म्हणजे तिचा डेन्मार्कातला जन्म, नोंद ९ मध्ये मोठ्या आनंदाने जाहीर केला होता: १८३६, बापाचं नाव नील्स, म्हणून मुलगी नील्सडॅटर.

कॅम्पच्या, म्हणजे संस्थेच्या इथल्या शाखेच्या, रजिस्ट्रारबाईंकडे कागद दाखवायला गेले. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे, नजर मात्र सोनाराची. त्यांनी काही न बोलता तीन कागद शेजारी शेजारी ठेवले: थडग्याच्या दगडाचा फोटो, १८६२ च्या स्थलांतरितांची यादी आणि १८७० ची जनगणना. प्रत्येकावरच्या वयाखाली पेन्सिलीने बारीक रेघ ओढली. दगडावर जन्मसाल १८३६. जहाजाच्या यादीत वय २२. जनगणनेत ३०. मग म्हणाल्या, ‘या दोन वेगळ्या बायका आहेत.’

खरं तर ते मला दिसायला हवं होतं. वय दोन वर्षांनी चुकतं, तीननेही चुकतं. पण यादी आणि जनगणना एकमेकींशी तंतोतंत जुळतात आणि दगड एकटा पडतो, तेव्हा दगडावर संशय घ्यायचा. हा दगड नातवंडांनी विसाव्या शतकात बसवलेला आहे आणि त्यावरचं साल चुलत घराण्यातल्या एका टाइप केलेल्या कागदावरून आलेलं आहे. पाऊणशे वर्षांपूर्वी कोणीतरी नाव जुळलं म्हणून दुसऱ्या बाईची जन्मतारीख उचलली. मीही त्याच तारखेच्या मागे जाऊन त्याच दुसऱ्या बाईपाशी पोचले.

अर्जापुरतं बोलायचं तर ती १८६२ ला आली एवढं सिद्ध आहे, ओळ तुटत नाही. पण अर्जाबरोबर मी तिचं चरित्रही देणार होते. संस्थेकडे अशी पायोनियरांची हजारो चरित्रं जमा आहेत, लोक त्यांवरून पुढे लिहितात. त्यात चुकीचे आईबाप एकदा शिरले की काढणं महाकठीण. कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीत जुनी चूक दुरुस्त करायचा प्रयत्न ज्यांनी केला आहे त्यांना हे सांगायला नको.

मग शोध पुन्हा सुरू. १८४० च्या आसपास जन्मलेली, तेच पहिलं नाव असलेली नील्सडॅटर. उत्तर जटलंडातल्या बारा पॅरिशांच्या (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग) चर्चवह्या चाळल्या. त्या डेन्मार्कच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने फुकट ऑनलाइन ठेवल्या आहेत आणि त्यांच्याइतकी नीटस सोय मी दुसरीकडे पाहिलेली नाही. अडचण अक्षराची. गोथिक हस्ताक्षर म्हणजे डेन्मार्कची मोडीच. तिथला ‘ई’ हुबेहूब ‘एन’सारखा, ‘यू’च्या डोक्यावर एक बाक असलेली खूण, ती विसरली की शब्दच बदलतो. हस्ताक्षर वाचणारं सॉफ्टवेअरही लावून पाहिलं. एकाच लेखनिकाची पानं सलग असली तर ते बरं चालतं. पण पाद्री बदलला की गडबडतं, आणि नेमक्या नावांतच गडबडतं. त्यापेक्षा मोडी शिकताना करत होते तेच केलं: एका पाद्र्याची दहा पानं घेतली, ओळखीच्या शब्दांवरून त्याची अक्षरं एका कार्डावर उतरवली, कार्ड पडद्याच्या कडेला चिकटवलं. आता माझ्याकडे अशी सात पाद्र्यांची सात कार्डं आहेत आणि मला त्यांचा फार अभिमान आहे.

एवढं करून नील्सडॅटर तीन सापडल्या. एक पाळण्यात गेलेली, एक १८६४ ला तिथेच लग्न झालेली, तिसरी १८७० नंतरही गावातच. तिन्ही फुल्या. वही मिटली ती तेव्हा.

वाट सापडली दवाखान्यात. बाबा पुण्याहून आले आहेत, त्यांच्या गुडघ्यासाठी गेलो होतो. पासपोर्टवर त्यांचं आणि आजोबांचं नाव एकाच रकान्यात आहे. काउंटरवरच्या बाईंनी त्यातलं शेवटचं नाव आडनाव समजून फाइलवर घातलं आणि बाहेर येऊन आजोबांच्या नावाने हाक मारली. आजोबांना जाऊन तीस वर्षं झाली. बाबा क्षणभर दचकले आणि मग उठले. मी मात्र बसूनच राहिले.

आडनाव कुठे आणि बापाचं नाव कुठे, हे समुद्र ओलांडताना बदलतं. हेच तर! मी इतके दिवस इकडच्या कागदांवरचं तिचं ‘नील्सन’ वाचून बापाचं नाव नील्स धरत होते. पण ती एकटी आली नव्हती, अख्ख्या कुटुंबाबरोबर आली होती. बाप जर येन्स नील्सन असेल, तर डेन्मार्कात त्याची मुलगी येन्सडॅटर आणि मुलगे येन्सन. जहाजावर आणि युटात कारकुनाने सगळ्यांना बापाचंच शेवटचं नाव लावलं, सगळे नील्सन झाले. नील्स हे तिच्या बापाचं नव्हे, आजोबांचं नाव! बाबांचं झालं तस्संच. (कायमचं आडनाव लावा असं तिथल्या सरकारने १८२८ पासून सांगितलं होतं, पण खेड्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही.)

घरी येऊन १८४५ ची डॅनिश जनगणना उघडली. नवशिक्यांनी ही जनगणना लक्षात ठेवावी, कारण माणूस कोणत्या पॅरिशात जन्मला हे तिच्यापासून लिहू लागले. १८४० ची कितीही सुवाच्य असली तरी तिथे ते मिळत नाही. स्वयंसेवकांनी केलेल्या सूचीत येन्स नील्सन म्हणून शोधलं तर माणसांचा पूर येतो, म्हणून उलट्या बाजूने गेले. जहाजाच्या यादीत आईचं आणि पाच भावंडांचं नाव होतं. त्यांतल्या सर्वांत मोठ्या मुलाचं नाव जरा वेगळं आहे. तेच टाकलं. चौथ्या निकालात तो वय ७, खाली बहीण वय ५, येन्सडॅटर, आईचं नाव बरोबर, बाप येन्स नील्सन, भूमिहीन शेतमजूर.

तरीही खात्री नव्हती, एकदा पोळलेली होते. म्हणून कन्फर्मेशनची, म्हणजे किशोरवयात चर्चमध्ये होणाऱ्या धर्मदीक्षेची, नोंद शोधली, १८५४ ची. या नोंदी सोन्यासारख्या आहेत. डेन्मार्कात १८१० पासून देवीची लस टोचल्याशिवाय कन्फर्मेशन होत नसे आणि लग्नही लागत नसे. त्यामुळे पाद्री मुलीच्या नावापुढे जन्माची तारीख लिहितो आणि शेजारी लस कधी टोचली, कोणत्या डॉक्टरने टोचली तेही लिहितो. आमच्या आजीला दीड वर्षाची असताना टोचली होती. जन्माची तारीख जन्मनोंदीशी जुळली. आईबाप जुळले. शेवटचं कुलूप उघडलं ते पॅरिश सोडून जाणाऱ्यांच्या यादीने: १८६२ च्या वसंतात आख्खं कुटुंब एका कंसात, आणि समासात पाद्र्याच्या हातचा एकच शब्द, ‘मॉर्मन’, म्हणजे युटात वसलेल्या ख्रिस्ती पंथाचे. तो शब्द मी सातही कार्डं घेऊन वाचला. शंका नाही.

साडेअकरा वाजले होते. नवऱ्याला उठवलं. त्याने तारीख दोनदा मोठ्याने वाचली आणि मग दिवाणखान्यात जाऊन सासऱ्यांच्या फोटोसमोर उभा राहिला.

या आनंदात एक गोष्ट बोचते आहे. पॅरिशाच्या यादीतल्या कंसात सात मुलं आहेत. जहाजाच्या यादीतही सात, म्हणजे आजी आणि तिची सहा भावंडं. मी आधी पाचच मोजली होती, धाकटा दोन वर्षांचा मुलगा पानाच्या तळाशी पुढच्या ओळीत गेला होता. १८७० च्या एफ्रेममध्ये तो नाही. १८६२ च्या एप्रिलमध्ये हॅम्बुर्गहून चार जहाजं दीड हजारांवर स्कँडिनेव्हियन माणसं घेऊन निघाली: हम्बोल्ट, फ्रँकलिन, इलेक्ट्रिक, अथेनिया. आमची मंडळी फ्रँकलिनवर होती. फ्रँकलिनवर गोवर पसरला आणि न्यूयॉर्क दिसेपर्यंत चाळीसहून जास्त जीव गेले, बहुतेक सगळी लहान मुलं. त्या धाकट्याचं नाव मृतांमध्ये आहे का ते अजून पाहायचं आहे. चरित्रात त्याच्यासाठी एक परिच्छेद मी आत्ताच राखून ठेवला आहे. सापडला नाही तरी नाव जाईल.

राहिला प्रश्न न्यूयॉर्कनंतरचा. रेल्वेने आणि मिसुरीतल्या बोटीने फ्लॉरेन्स, नेब्रास्कापर्यंत सगळेच गेले. पुढे दोन वाटा होत्या. ज्यांच्याकडे पैसे होते ते स्वतःच्या गाड्या घेऊन मॅडसन किंवा लिलियनक्विस्टच्या तांड्यात गेले. ज्यांच्याकडे नव्हते त्यांच्यासाठी युटाहून मॉर्मन चर्चचे बैल आणि गाड्या येत आणि माणसं भरून परत जात; ही ये-जा १८६१ पासून सुरू झाली होती. भूमिहीन मजुराचं कुटुंब दुसऱ्याच वाटेने गेलं असणार असं मला वाटतं. पण मागच्या वेळी ‘असणार’ने काय केलं ते पाहिलंच आहे, म्हणून अर्जात तांड्याचा रकाना रिकामा ठेवते आहे.

एफ्रेमनंतरच्या भागातही बदल करणार आहे. मूळ मसुद्यात मी ‘ओसाड खोऱ्यात वस्ती केली’ असं लिहिलं होतं. ते खोडलं. सॅनपीट हे उट या मूळनिवासी लोकांचं खोरं होतं आणि त्यांच्याशी झालेलं १८६५ ते १८७२ चं ब्लॅक हॉक युद्ध आजीच्या दारापर्यंत आलेलं होतं. तिची पहिली दोन मुलं त्याच वर्षांत जन्मली. तिच्या धैर्याबद्दल लिहायचं तर हेही लिहायला हवं, नाहीतर ते अर्धंच होईल.

आता योजनेत झालेला बदल. नोंद १३ खरं तर आजीच्या गोधडीची होती. गोधडी ठीक आहे, धुतलेल्या, ब्लीच न केलेल्या मलमलीत गुंडाळून आम्लमुक्त खोक्यात ठेवली आहे. खोकी इथल्या हस्तकलेच्या दुकानातून घेऊ नका, संग्रहालयांना माल देणाऱ्यांकडूनच घ्या. दुप्पट पडतात, पण कापड पिवळं पडत नाही. गोधडी मागे पडली, कारण आज सकाळी दुरुस्त कागद घेऊन पुन्हा रजिस्ट्रारबाईंकडे गेले होते. त्यांनी सगळं तपासलं, समासातल्या शब्दावर बोट ठेवून हसल्या, आणि मग सहज विचारलं, तू मूळची कुठली? पुण्याची म्हटल्यावर त्या म्हणाल्या, ‘पूना? ह्यू फिंडलेचं पूना?’

मला हे नाव माहीत नव्हतं. ह्यू फिंडले हा स्कॉटिश मॉर्मन मिशनरी १८५१ मध्ये मुंबईला उतरला, पुढच्या वर्षी पुण्यात गेला आणि तिथे बारा-एक माणसांची मॉर्मन शाखा उभी राहिली. पुण्यात, १८५२ साली! त्या मुंबई-पुण्याच्या लहानशा वर्तुळातून एक बाई निघाली, एलिझाबेथ झेवियर टेट. घरच्या आठवणींप्रमाणे मुंबईत जन्मलेली हिंदुस्थानी बाई, नवरा विल्यम टेट लष्करातला. तो पुढे गेला, ती मागून इंग्लंडमार्गे आली आणि १८५६ मध्ये विलीच्या हातगाडी तांड्यात होती. आपल्या भाजीवाल्याच्या हातगाडीसारखी नव्हे ही. दोन मोठी चाकं, आणि जिथे बैलाचं जू असावं तिथे आडवी दांडी, तिच्यामागे माणूस. आयोवाहून जुलैत उशिरा निघालेल्या त्या तांड्याला ऑक्टोबरात वायोमिंगमध्ये बर्फाने गाठलं. साठाहून जास्त माणसं वाटेत गेली. उरलेली ९ नोव्हेंबरला सॉल्ट लेकला पोचली. एलिझाबेथ त्यांत होती, पुढे सीडर सिटीत राहिली.

माझ्या गावाजवळची बाई त्या दांडीमागे चालली आणि मी वीस वर्षं इथे राहून मला पत्ता नाही. तेव्हा नोंद १३ तिची. ती ओळ आमची नाही, तिचे वंशज आहेत आणि त्यांनी तिची आठवण सांभाळली आहे. त्यात मला ढवळाढवळ करायची नाही. पण मुंबई इलाख्याच्या चर्चनोंदी, ब्रिटिश लायब्ररीतली एन/३ मालिका, वाचायला मराठी कानाचा उपयोग होईल. इंग्रज कारकुनाने लिहिलेली गावांची नावं आपल्यालाच ओळखू येतात. तुमच्यापैकी कोणी त्या मालिकेतल्या १८४५ ते १८५५ च्या वह्या पाहिल्या असतील, विशेषतः पुणे आणि खडकीच्या, तर सूची कितपत विश्वासाची आहे ते कळवा. पोर्तुगीज वळणाच्या आडनावांची नोंद कॅथलिक याद्यांत वेगळी मिळते का, हेही.

अर्ज शनिवारी जाईल. जन्मतारखेच्या रकान्यात १८४० ची तारीख आहे आणि दगडावरचं साल चूक का, याचं एक पानी टिपण सोबत जोडलं आहे. टिपण लेकीने टाइप केलं. येन्सडॅटर कसं लिहायचं ते मला विचारावं लागलं नाही.